पुसलेल्या समुद्राची हकीकत

श्री. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, पौषमासी निगडी यमुनानगर येथील राजमान्य राजश्री नंदकिशोरपंत वझरकर यांणी दर्यावर स्वारी करावयाचा मनसुबा धरिला, आणि त्या कामी समुद्राचा नकाशा पैदा करोन छापून घेताना कोणकोणती संकटे गुदरली, कोणी कुमक केली आणि अखेर यश कैसे जाहले, त्याचा हा मजकूर. थोरांच्या मोहिमा थोरांनी लिहिल्या. ही मोहीम धाकटी आणि लिहिणाराची ताकदही तितकीच. परंतु कोणी लिहिले नाही तर घडलेच नाही ऐसे लोक म्हणतील, सबब लिहिले. अधिकउणे जाणत्यांनी पोटात घालावे.

पंत हे चिंचवडास एका यंत्रांच्या कारखान्यात अडतीस वर्षे ड्रॉइंग तपासनिशीच्या गादीवर होते. हाती तांबडी पेन्सील, आणि तिचा दरारा ऐसा की नवे पोर आपले ड्रॉइंग तीनदा तपासल्याखेरीज समोर आणीत नसे. परंतु पेन्सील खाली ठेविली की पंत निराळेच पुरुष. भाजीवालीने डोळ्यांदेखत सडका टोमॅटो पारड्यात टाकिला तरी मुखातून शब्द फुटू नये, रिक्षावाल्याने चौक ओलांडून पुढे सोडिले तर मुकाट मागे चालत यावे, आणि बँकेच्या रांगेत कोणी मधेच घुसला तर आपलीच जागा चुकली असेल ऐसे मानावे, ऐसा स्वभाव. वाचनाचा शोक मोठा, त्यातही दर्यावर्दी लोकांचे प्रवास तोंडपाठ; आणि खासा पंतांनी समुद्र पाहिला तो गुडघाभर, हरिहरेश्वरी, कारखान्याच्या सहलीत, पँट दुमडून. आता तोच गुडघा माघ महिन्यात बदलावयाचा मुक्रर जाहला, आणि डॉक्टरांनी बजाविले की त्यानंतर होडीत चढणे-उतरणे बंद. तेव्हा समुद्र या पौषात, नाही तर या जन्मी नाही, ऐसा प्रसंग येऊन ठेपला.

या स्वारीचे सरदार सयाजीराव काटे दापोडीकर. पूर्वी पंतांच्याच कारखान्यात वेल्डर, मग चाकणास स्वतःची फॅब्रिकेशनची शेड घालून बसले, आणि तिथे लोखंडी जिने व गेट करता करता चार वर्षांत प्लायवूड व फायबर यांची बावीस फुटी शिडाची नाव सिद्ध केली, आणि ती पवनेच्या धरणात तरंगवून दाखविली. मग ट्रेलरवर चढवून हर्णैस नेली आणि खाडीच्या वाळूवर उंच ओढून ठेविली. ती तिथून हलणार मोठ्या उधाणातच, म्हणजे पौष पौर्णिमेस, शनिवारी दुपारी. ती भरती हुकली तर पंधरा दिवस थांबावे, आणि सयाजीरावांस या पौर्णिमेपुढच्या आठवड्याखेरीज फुरसत नाही, पुढे मोठे काम सुरू. मनसुबा ऐसा की हर्णैहून निघोन उन्हाउन्हात मजल दरमजल करीत जयगडास जावे.

आता घरचा दरबार. पंतांचे कुटुंब मृदुलाबाईसाहेब तीस वर्षे शाळेत गणित शिकवून निवृत्त जाहलेल्या. पवनेच्या चाचणीस त्या काठावर खुर्ची टाकून हजर होत्या, आणि सयाजीरावांचा मोबाईल, ज्यात अवघा जलमार्ग भरला होता, तो वळण घेताना हातातून निसटून धरणात गडप जाहला, हे त्यांणी स्वचक्षूंनी पाहिले होते. सबब त्यांणी फर्मान काढिले ते ऐसे जे: मोबाईल बुडतो हे सिद्ध जाहले, तरी पाण्याची खोली दाखविणारा, हातात धरता येईल ऐसा छापील नकाशा असल्याखेरीज पंतांनी निगडीची वेस ओलांडू नये, तो आधी आम्हांस दाखवावा आणि आमची खात्री करावी, न जाहल्यास मोहीम रद्द समजोन गुडघ्याच्या तयारीस लागावे.

सयाजीराव रदबदलीस आले. "वैनी, नवा मोबाईल घेतलाय. त्यात सरकारी नकाशा इकत घेऊन टाकलाय. समदं हाय त्यात."

"बुडाला तोही नवाच होता, भावजी," बाईसाहेब म्हणाल्या, आणि सयाजीराव चहा पिऊन परत गेले.

मग पंतांनी नकाशाचा शोध आरंभिला. सरकारी छापील नकाशे असतात, उत्तम असतात, परंतु इतक्या किनाऱ्यास पाच लागत, आणि पाचांची किंमत ऐकोन पंतांनी फोन हलकेच खाली ठेविला, आणि टपालाने येईतो पौर्णिमा उलटून जाती. नंतर तीन दिवस संगणकापुढे बैठक मारिली, तेव्हा हौशी दर्यावर्दी मंडळींनी आपापल्या नावेतून पाणी मोजून सर्वांसाठी खुली ठेविलेली नकाशांची दौलत हाती लागली. छापण्यास मोकळीक लिहिलेलीच होती. तरी पंतांस वाटले की आपण विचारावे, आणि चार वेळा खोडून अर्ज लिहिला, आणि उत्तर आले ते दोन शब्दांचे: खुशाल छापा. पंतांनी त्या उत्तराचीही प्रत काढून जपून ठेविली.

मग भोसरीस, औद्योगिक पेठेत, दिपालीबाईंचे ड्रॉइंग छापावयाचे दुकान. तिथे हातभर नव्हे तर पुरुषभर रुंदीचा कागद ओकणारे यंत्र, ज्यास प्लॉटर म्हणतात. दिपालीबाई पंतांच्याच हाताखाली उमेदवारी करोन तयार जाहलेल्या, आणि गुरूंस दारात पाहोन खुर्ची पुसून दिली.

"सर, फाईल फार भरलेली दिसतेय. स्वच्छ करून छापते. तुमच्या पद्धतीनं."

पंतांस कोण आनंद जाहला. निवृत्तीपासूनच्या सहा वर्षांत कोणी त्यांच्या पद्धतीचे नाव काढिले नव्हते. "अगदी माझ्या पद्धतीनं," ऐसे म्हणोन आले.

दोन दिवसांनी, बुधवारी, नकाशा सिद्ध जाहला. पंतांनी भिंग लावोन तपासणी केली. चौकट पाहिली, उत्तर दिशा पाहिली, मोजपट्टी पाहिली, किनाऱ्याची रेघ बोट फिरवून पाहिली, गावांची नावे पाहिली, दीपगृहे मोजिली. आणि समुद्र तर ऐसा निर्मळ छापला होता की पाहोन डोळे निवावे. पंतांनी सही केली, आणि कागदाची सुरळी लांब नळकांड्यात घालोन ती तोफ खांद्यावर टाकिली, आणि निगडीच्या बसमध्ये चढले.

"काका, त्यात काय हाय?" कंडक्टरने पुशिले.

"समुद्र," पंत बोलून गेले, आणि लाजले.

"मग सांडू नका. पुढं सरका."

घरी जेवणाच्या मेजावर दरबार भरला. नकाशा अंथरिला, आणि चारही कोपऱ्यांवर दोन डाळींचे डबे, एक वरवंटा आणि एक मिठाची बरणी ठेवोन तो सपाट केला. बाईसाहेबांनी चष्मा बदलिला. किनारा पाहिला, मग बोट पश्चिमेस नेले आणि थांबविले.

"समुद्र कुठला?"

"हा सगळा."

"आणि पाणी किती खोल आहे, ते?"

पंत वाकले. इकडून पाहिले, तिकडून पाहिले. हर्णैपासून जयगडापर्यंत अवघ्या दर्यात एक आकडा नव्हता. मूळ नकाशात पाण्यावर जिथे तिथे खोलीचे आकडे पेरिले होते, इथे तीन, तिथे सात, पुढे बारा. ते अवघे नाहीसे. खडक नाहीत, वाळूचे उंचवटे नाहीत. धुतलेल्या ताटासारखा समुद्र, आणि त्याच्या कोपऱ्यात पंतांची तपासल्याची सही.

पंतांनी दिपालीबाईंस फोन लाविला.

"सर, आवडलं ना?" पलीकडून प्रसन्न आवाज. "किती कचरा होता त्यात! दोन हजारांवर आकडे. एकाला रेघ नाही, एकाला बाण नाही, नुसते तरंगत होते. तुम्ही म्हणायचे ना, सर, ज्या आकड्याला रेघ नाही तो बेवारस, आणि बेवारस आकडा दिसला की विचारायचं नाही, पुसायचा. एकेक शोधून पुसला. एक तरी सुटलाय का सांगा."

"नाही. एकही नाही," पंत म्हणाले. "काम चोख झालंय."

"मग आवाज असा का येतोय?"

"ते आकडे म्हणजे पाणी होतं, दिपाली."

पलीकडे दिपालीबाईंनी मूळ फाईल पुन्हा उघडिली.

कारखान्यात हा कायदा रास्तच होता. लोखंडाच्या ड्रॉइंगवर सुटा आकडा राहिला तर भोक भलतीकडे पडे आणि माल रद्द होई. तो कायदा पंतांनी अडतीस वर्षे तीन पिढ्यांच्या हाडी रुजविला होता. परंतु समुद्रास रेघ नाही, बाण नाही, त्याचे आकडे तरंगतेच असावयाचे, हे कोणास ठाऊक? शिष्याने गुरूची आज्ञा तंतोतंत पाळिली आणि गुरूने तंतोतंत तपासोन सही ठोकिली, आणि दोघांत मिळोन दर्या कोरडा जाहला.

दिपालीबाई रडकुंडीस आल्या आणि म्हणाल्या की मूळ फाईल शाबूत आहे, आत्ता पुन्हा छापती, परंतु यंत्राच्या शाईची डबी याच नकाशाने संपविली, ती उद्या आणावी म्हटले तर उद्या गुरुवार. आता गुरुवार म्हणजे या औद्योगिक मुलखाचा सुट्टीचा वार. कारखाने बंद, दुकाने बंद, आणि त्याच दिवशी वीजखाते तारांची डागडुजी काढिते, सबब भोसरीत सायंकाळपर्यंत दिवा नाही आणि प्लॉटर हे तर दिव्याशिवाय केवळ टेबल. आणि शुक्रवारी पहाटे कूच.

पंत गॅलरीत जाऊन तुळशीजवळ उभे राहिले आणि सयाजीरावांस फोन करोन म्हणाले, "राहू दे, सयाजी. मी तपासून सही केली होती. माझ्याच्यानं हे होत नाही. तू कोणीतरी दुसरा घे बरोबर."

"दुसरा कुठनं घिऊ? आन् चार वर्षं म्या काय झक मारली व्हय?" सयाजीराव कडाडले. "ऐका. चऱ्होलीला समाधान हाय, फ्लेक्सवाला. विलेक्शनचा टाइम हाय, त्याचं मशीन बंद व्हत न्हाई. लाइट गेली तर जनरेटर. समुद्र फ्लेक्सवर छापा."

"फ्लेक्सवर?"

"न्हाईतर काय साडीवर? भिजत न्हाई, फाटत न्हाई, सस्तात पडतंय. आनि काय पायजे?"

पंतांस फ्लेक्साचा तिटकारा. हात जोडलेली मुखे चौकाचौकांत टांगलेली पाहोन त्यांणी महापालिकेस दोन तक्रारअर्ज लिहिले होते, आणि दोन्ही पाठविण्याचे धैर्य न होऊन कपाटात ठेविले होते. परंतु वेळ बिकट. रात्री नीज आली नाही ती नाहीच. सकाळी फाईलीत कडेस आपल्या हाताने दोन पट्ट्या आखिल्या, एक उभी, एक आडवी, दोन्ही नेमक्या तीनशे मिलिमीटर, आणि पोलादी फूटपट्टी खिशात खोवोन स्कूटरवर स्वार जाहले.

चऱ्होलीस समाधानरावांच्या गाळ्यात तोबा गर्दी. उदगीरकडचा हा गडी, बारा वर्षांमागे आला आणि आता अर्धे शहर त्याच्या यंत्रातून हात जोडीत बाहेर पडते. बाहेर जनरेटर धडधडतो, आत तीन पक्षांचे कार्यकर्ते एकाच बाकड्यावर वडापाव खात बसलेले. पंत कोपऱ्यात उभे राहिले आणि पाच जण मागून येऊन पुढे गेले. सहावा जाऊ लागला तेव्हा समाधानरावांनीच हाक मारिली.

"काका, तुम्ही सयाजीभाऊचे नव्हं? द्या पेन ड्राइव्ह. हे काय हाय? नुसतं निळं निळं. फोटो कुठाय?"

"फोटो नाही. समुद्र आहे."

बाकड्यावरून एकाने पुशिले, "काका कोणत्या प्रभागातून उभे?"

"पाण्यातून," दुसरा म्हणाला.

"मग डिपॉझिट बुडालंच समजा."

अवघा गाळा हसला, आणि पंतही कसनुसे हसले. समाधानरावांनी पडद्यावर नकाशा उघडिला आणि संगणकाच्या उंदराने, म्हणजे माउसने, त्याचा कोपरा धरिला.

"काका, आठ बाय चारचा साइज हाय. तुमचा समुद्र आडवा जरा आखूड पडायलाय. वढून घेतो."

"ओढू नका."

"दोन बोटं वढतो. कुणाला कळायलंय?"

"खडकाला कळतं," पंत म्हणाले.

समाधानराव मान डोलावोन यंत्राकडे वळले. यंत्र घरघरले, दर्या हळूहळू बाहेर आला, आणि या खेपेस त्यावर तीन, सात, बारा ऐसे अवघे आकडे आपापल्या जागी तरंगत होते. पंतांचा ऊर भरोन आला. तरी त्यांणी फूटपट्टी काढिली. उभी पट्टी मोजिली, तीनशे. आडवी मोजिली, तीनशे सहा. पुन्हा मोजिली. तीनशे सहा. समाधानरावांचा हात सवयीचा; मोकळी जागा दिसली की तो ओढीच, मग साहेबांचे गाल असोत की अरबी समुद्र.

इथे पंतांच्या आयुष्याचा मोठा रणप्रसंग. मागे बाकडे भरलेले, पुढे घामाघूम कारागीर, बाहेर जनरेटर डिझेल पितो आहे. सहा मिलिमीटर. सोडून द्यावे, आपलेच मोजणे चुकले ऐसे म्हणावे, आणि घरी जाऊन झोपावे, ऐसे त्यांच्या सडुसष्ट वर्षांनी त्यांस कानात सांगितले. मग पंतांनी खिशातील तांबडी पेन्सील काढिली, आणि आठ फूट समुद्रावर, या किनाऱ्यापासून त्या कडेपर्यंत, भली मोठी फुली मारिली.

"हे रद्द. पुन्हा छापा. ओढायचं नाही."

समाधानरावांनी फुलीकडे पाहिले, मग पंतांकडे.

"काका, लाइन बगा की मागं किती हाय."

"पाहिली. याचेही पैसे घ्या. पण मी त्यावर विसंबून समुद्रात जाणार आहे, समाधान. आपल्याकडनं तिथं चूक झाली तर नवा फ्लेक्स लावता येत नाही."

बाकड्यावरचा, ज्याने डिपॉझिट बुडविले होते, तोच उठोन म्हणाला, "दे रे छापून काकांना. माझं काय, ताणलं तरी तेच थोबाड." आणि आपली पाळी सोडोन दुसरा वडापाव आणावयास गेला.

दुसरी छपाई जाहली. उभी तीनशे, आडवी तीनशे. कडेस दोन बोटांची मोकळी पांढरी पट्टी उरली. तिथे शुभेच्छुक म्हणोन कोणाचे फोटो टाकावे, ऐसे समाधानरावांनी अखेरचे विचारिले, कारण मोकळी जागा सोडली तर गिऱ्हाईक आपल्यास हसेल. तेव्हा ती पट्टी कापोन वेगळी केली. रद्द जाहलेला दर्या समाधानरावांनी जनरेटरवर झाकण म्हणोन घातला. दुसऱ्याचे दाम मोजोन घेतले, पहिल्याचे घेतले नाहीत, आणि दोन्ही मिळोनही ते एका सरकारी नकाशाच्या पासंगास पुरते ना.

घरी पुन्हा दरबार. बाईसाहेबांनी फ्लेक्स चिमटीत धरोन पाहिला, आणि फर्मानात छापील म्हटले होते, कागद म्हटले नव्हते, हे त्यांणीच आठवोन दाखविले. मग तांब्याभर पाणी आणोन हर्णैपासून दक्षिणेस ओतिले. पाणी ओघळोन फरशीवर गेले आणि आकडे तसेच राहिले. मग एका खाडीच्या तोंडावर बोट ठेविले.

"इथं किती?"

"दीड मीटर."

"नाव किती बुडते?"

"एक."

"आणि ओहोटी असली तर?"

"दीडच. छापलेला आकडा ओहोटीचाच असतो. भरती त्यात वरून मिळवायची."

बेचाळीस वर्षांच्या संसारात पंतांनी प्रथमच "बहुतेक" हा शब्द न घालता तीन उत्तरे सलग दिली. बाईसाहेबांनी चष्मा काढिला, फरशी पुसावयाचे फडके पंतांच्या हाती दिले, आणि हुकूम केला की जावे; गुडघ्याचा पट्टा काढू नये; रोज सायंकाळी नाव कुठे आहे ते कळवावे; आणि सयाजीभावजींनी मोबाईल गळ्यात दोरीने बांधावा.

मग शुक्रवारी पहाटे कूच जाहले, ताम्हिणी घाट उतरोन स्वारी सायंकाळी हर्णैस दाखल जाहली, आणि शनिवारी दुपारच्या उधाणात नाव वाळूवरून उठोन तरंगली, आणि सयाजीरावांनी डोळे पुसोन खारे पाणी उडाले ऐसे सांगितले. रविवारी सकाळी शीड भरोन दक्षिणेस निघाले, आणि सूर्य डोक्यावर आला तेव्हा पहिल्या खाडीचे तोंड दिसू लागले. तिथे लाटा पांढऱ्या फुटत होत्या.

सयाजीरावांनी सुकाणू धरिले होते. "सर, हितं वाळू असल. जायचं का भाईर भाईर?"

पंतांनी फ्लेक्स मांडीवर पसरिला. आकडा दीड. घड्याळ पाहोन भरती धरिली दोन मीटर आणि दहा सेंटिमीटर. मिळोन तीन पूर्णांक सहा. मग नावेच्या कडेवर पट्टा बांधलेला गुडघा टेकोन, शेडमधला शिशाचा ओळंबा दोरीस बांधोन पाण्यात सोडिला. दोरीला अर्ध्या अर्ध्या मीटरवर गाठी. एक गाठ गेली, दुसरी गेली, पाण्याखाली मोजता येईना तेव्हा ओढोन वर काढिली, आणि ओल्या गाठी मोजिल्या, आणि मग पुन्हा मोजावयास बोट लाविले आणि मोजिल्या नाहीत.

"सात गाठी आणि वर चार बोटं!" ऐसे पंत वाऱ्यावर ओरडले.

"म्हंजी किती?"

"नकाशात आहे तेवढंच!"

"मग घालू का आत?"

"घाल!"

येणेप्रमाणे पौष वद्य प्रतिपदेस, रविवारी, मध्यान्ही, दर्याने आपली खोली कबूल केली आणि नाव दोन असामींसह सुखरूप खाडीत दाखल जाहली. फत्ते पूर्ण जाहली. आपल्याकडील हानी एक टोपी, ती खाडीच्या मुखाशी पंतांच्या डोईवरून वाऱ्याने नेली. सयाजीराव वळवून घेऊ म्हणाले. पंतांनी दर्यास नजराणा म्हणोन ती सोडिली, आणि बोडक्याने पुढचा आकडा वाचावयास घेतला.